बॉम जेझूस मंदिराचा गिलावा

जुन्या गोव्यातील बॉम जेझूस मंदिरासमोर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेत प्रथम भरतो तो त्याच्या भिंतींचा काळपट तांबूस रंग. परिसरातील सांता कॅथरिनाचे कॅथीड्रल व इतर चर्चे चुन्याने पांढरी केलेली. हे मात्र उघड्या जांभ्याचे. हा उघडेपणा मूळचाच असावा, असा समज पुष्कळदा होतो. वस्तुतः तो विसाव्या शतकाच्या मध्याचा आहे.

जेझुइट संघाने या वास्तूचा पाया २४ नोव्हेंबर १५९४ रोजी घातला, आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप मेनेझिस यांनी तिचे पवित्रीकरण केले. आतील मांडणी साधी आहे: बाजूच्या खांबओळींनी न विभागलेले एकच दीर्घ दालन आणि शेवटी सोन्याचा मुलामा दिलेली भव्य वेदी. येथील ज्या स्मारकासाठी यात्रिक येतात, ते संत फ्रान्सिस झेवियर यांचे समाधिस्थान पुढच्या काळातील. रूप्याची पेटी गोमंतकीय कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. तिच्याखालील संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्या देणगीतून, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याच्या हातून सिद्ध होऊन १६९८ मध्ये येथे उभा राहिला.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने दर्शनी भिंत अधिक महत्त्वाची. खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षे, आणि शिखरभागी संघाचे बोधचिन्ह. भिंत जांभ्याची, पण अर्धस्तंभ, पट्ट्या व कोरीव भाग मात्र वसईकडून आणविलेल्या काळ्या पाषाणाचे. खाणीतून निघताना जांभा मऊ व सच्छिद्र असतो. हवेत तो कठीण होतो, तरी बारीक कोरीवकाम तो पेलत नाही. बांधणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. जे दिसावयाचे ते त्यांनी पाषाणात कोरले. उरलेले गिलाव्याखाली झाकावयाचे होते. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी चौकट, अशी ती मूळ योजना होय.

१९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रू यांच्या देखरेखीखाली हा गिलावा काढण्यात आला. पोर्तुगालमधील जुन्या इमारतींचा दगड उघडा करून त्यांना प्राचीनत्व प्राप्त करून देण्याची जी रीत त्या काळी सरकारी दुरुस्तीकामांत रूढ होती, तीच येथे लागू झाली. परंतु तिकडील ग्रॅनाइट आणि कोकणपट्टीतील चिरा यांत मोठे अंतर आहे, आणि गोव्याचा पाऊस तर पोर्तुगालच्या पावसाहून कितीतरी पट मुसळधार. पाणी छिद्रांतून आत मुरते, दगडाचा पृष्ठभाग झिजतो, भेगांत शेवाळ धरते.

२०२० मध्ये चर्चच्या व्यवस्थेकडूनच पुन्हा गिलावा करण्याची मागणी पुढे आली. तिला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार असा, की हा तांबडा चेहरा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. परिचय हा जतनाचा निकष मानला, तर सुमारे सत्तर वर्षांच्या उघडेपणाला त्याआधीच्या साडेतीन शतकांहून अधिक वजन द्यावे लागेल. खरी अडचण निराळीच आहे: नवा लेप चुन्याचाच हवा. सिमेंट ओल आत कोंडून ठेवते. चुना ती बाहेर पडू देतो, आणि स्वतः झिजून आतील चिऱ्याचे रक्षण करतो. त्यामुळे तो ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.