खर्रा, डीएनए आणि पेशींची डागडुजी
गडचिरोली-चंद्रपुरात खर्र्याचा (तंबाखू, सुपारी आणि चुना यांच्या घोटलेल्या मिश्रणाचा) विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात: ‘आजोबांनी जन्मभर खाल्ला, काही झालं नाही’ आणि ‘इतकी वर्षं खाल्ला, आता सोडून काय उपयोग?’ दोन्हींमागे समज एकच, की खर्र्याने डीएनएला इजा झाली म्हणजे कर्करोग ठरलेला.

खरे तर खर्रा न खाणाऱ्याच्याही प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारो इजा होतात. दुरुस्तीची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) बिघडलेला तुकडा कापतात आणि समोरच्या धाग्यावरून योग्य मजकूर भरतात. या यंत्रणेच्या अभ्यासाला २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुरुस्ती होईपर्यंत पी-५३ नावाचे प्रथिन पेशीचे विभाजन रोखते. इजा फार मोठी असेल तर पेशीला मरायला लावते.

धानाच्या बांधीचा धुरा फुटला तर शेतकरी माती टाकून बुजवतो. पण रोज त्याच जागी फुटू लागला, तर एखादे भगदाड राहतेच. पन्नीत घोटलेली तंबाखू, सुपारी आणि चुना गालात तासन्‌तास धरला की तिथल्या पेशींचे हेच होते. विभाजनाआधी राहून गेलेली चूक उत्परिवर्तन (डीएनएतील कायमचा बदल) बनते. ती पी-५३ च्या जनुकातच झाली, तर रोखणाराच उरत नाही. कर्करोग होण्यासाठी अशा अनेक चुका साठाव्या लागतात. आजोबा वाचले त्यात दुरुस्तीचा आणि नशिबाचा वाटा. त्यावरून खर्रा निर्दोष ठरत नाही.

सोडल्याने जुन्या चुका पुसल्या जात नाहीत, पण नवी भर थांबते आणि धोका वर्षागणिक घटतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.