उंबऱ्याबाहेरचे जोडे आणि घरातले धुलाई-यंत्र

जोडे उंबऱ्याबाहेर काढावेत, हा आपल्या घरांतील जुना दंडक. महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटल्या तरी सुरतेतील मराठी कुटुंबांनी तो सोडलेला नाही. जुन्या शहरातले घर असो वा उधना-लिंबायतमधील सदनिका, दाराशी चपलांची रांग दिसतेच. तेव्हा तेच जोडे कपड्यांच्या यंत्रात टाकावेत, ही कल्पना घरातील वडीलधाऱ्यांच्या पचनी पडू नये, यात नवल नाही.

पण गरजही खोटी नव्हे. पावसाळ्यात मुलांचे कॅनव्हासचे बूट आठवड्यातून दोनदा चिखलात माखतात. मोरीत उकिडवे बसून ब्रशने ते घासणे गुडघे दुखणाऱ्या गृहिणीला जमत नाही. मग एके दिवशी बूट यंत्रात जातात. आम्हीही तसेच केले होते. चिरंजीवांचे खेळाचे बूट, पाणी चांगले गरम आणि साबणाची पूड सढळ हाताने. तासाभराने झाकण उघडले, तेव्हा एका बुटाचा तळ सुटून हाती आला. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

बुटाचा वरचा भाग व तळ बहुधा सरसासारख्या द्रव्याने चिकटवलेला असतो. उष्णतेने तो सरस मऊ पडतो आणि यंत्रातल्या आदळआपटीने सुटतो. म्हणून पहिला नियम असा : पाणी थंडच हवे, फार तर ३० अंश सेल्सिअस. दुसरा नियम जातीचा. कॅनव्हास, नायलॉन व पॉलिएस्टरचे बूट यंत्रात चालतात. चामडे, मखमली चामडे, कोल्हापुरी वहाणा, खडे-टिकल्यांचे जोडे आणि शाळेचे काळे बूट यांना यंत्र वर्ज्य. त्यांना ओलसर फडके पुरे. बरेच दिवस पडून राहिलेल्या बुटांचा तळही दाबून पाहावा. काही तळ पॉलियुरेथेनचे असतात. दमट हवेत ते आतून कुजतात आणि यंत्रात त्यांचा भुगा होतो.

सुरतकरांना कृत्रिम धाग्याचा गुण निराळा सांगायला नको. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे खेळाच्या बुटाची जाळी लवकर वाळते. मात्र आतला फोम पाणी धरून बसतो आणि वरून कोरडा दिसणारा बूट आतून ओलाच राहतो.

आता कृती. चिखल वाळू द्यावा आणि दाराबाहेरच ब्रशने झाडावा; ओला चिखल यंत्रात गेला तर तो गाळणीत आणि नळीत बसतो. नाड्या व आतील सुटे तळवे काढून हाताने धुवावेत. एका वेळी एकच जोड उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे आणि सोबत दोन-तीन जुने टॉवेल टाकावेत, म्हणजे बूट पिंपावर आदळत नाहीत. द्रवरूप साबण थोडाच घ्यावा, चाल नाजूक कपड्यांची ठेवावी आणि शेवटी एकदा जास्तीचे खळबळावे. कापडात राहिलेला साबण वाळताना पांढऱ्या बुटांवर पिवळे डाग पाडतो. पिळण्याची फेरी टाळावी. दोन पिंपांच्या यंत्रात तर बूट पिळण्याच्या पिंपात मुळीच घालू नयेत. तोल जाऊन यंत्र थरथरते. या सर्वांआधी यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी. तिने बुटांना मनाई केली असेल, तर विषय तेथेच संपला.

वाळवणे हे अर्धे काम आहे. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली सावलीत ठेवावेत. पांढऱ्या बुटांत मात्र कोरा कागद घालावा, नाही तर शाई उतरते. पावसाळी हवेत दोन दिवस तरी धरून चालावे. थंड पाण्याने बुरशी मरत नाही. पायाला चिखल्या होत असतील तर मोजे वेगळे, ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत आणि बूट पुरते वाळल्याखेरीज घालू नयेत.

एक अपवाद सुरतकरांनी विसरू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीकाठी घराघरांत शिरले. अशा पुराच्या पाण्यात भिजलेले जोडे यंत्रात घालू नयेत. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात आढळतात आणि तो जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. असे जोडे रबरी हातमोजे घालून बाहेरच धुवावेत आणि खडखडीत वाळवावेत. कोरडेपणात हा जंतू टिकत नाही. कापडी जोडा फार जुना असेल तर टाकून द्यावा, मोह धरू नये.

राहिला वडीलधाऱ्यांचा आक्षेप. बूट काढल्यावर यंत्राची गाळणी धुवावी, पिंप पुसावे आणि गरम पाण्याची एक रिकामी फेरी चालवावी. मग कपड्यांना धोका उरत नाही. तरीही देवघरातील वस्त्रे हातानेच धुवावीत, असे आम्हांस वाटते. त्या चार वस्त्रांना वेळ लागतो तो किती? घरातील वृद्धांच्या मनाला त्याने स्वस्थता लाभते, आणि यंत्र घेतले म्हणून ती घालवण्याचे काही कारण नाही.