कुत्र्यांच्या उपचारात अँटिहिस्टामिन औषधे : कुठे लागू पडतात, कुठे नाही

बंगळुरूची हवा वर्षभर बेताची असते. थंडी फार कडक नाही, उन्हाळाही फार भाजत नाही. माणसांना हे सुखाचे वाटते, पण गोचीड आणि पिसवांनाही ते तितकेच मानवते. त्यामुळे हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९५८) शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अंग खाजवणारा कुत्रा कोणत्याही महिन्यात भेटू शकतो. अशा कुत्र्याला मालकाने घरातली सेटिरिझिनची गोळी आधीच देऊन पाहिलेली असते. खाज म्हणजे ॲलर्जी, आणि ॲलर्जी म्हणजे सेटिरिझिन, असा तो हिशेब. माणसाच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा जमतो. कुत्र्याच्या बाबतीत तो का फसतो, ते आपण पाहू.

हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून शरीरात हिस्टामिन तयार होते आणि मास्ट पेशींमधल्या कणिकांत साठवले जाते. मास्ट पेशीवर बसलेल्या आयजी-ई प्रतिपिंडांना ॲलर्जीकारक पदार्थ जोडला गेला की कणिका फुटतात. बाहेर पडलेले हिस्टामिन एच-१ ग्राहींवर बसते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि सूज येते. जठरात मात्र ते एच-२ ग्राहींवर बसून आम्लाचा स्राव वाढवते. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही एच-१ रोखणारी औषधे. ती हिस्टामिन नष्ट करत नाहीत, ग्राहीला निष्क्रिय स्थितीत धरून ठेवतात. म्हणूनच एकदा पाझरलेला द्रव ती परत ओढू शकत नाहीत. हिस्टामिन सुटण्यापूर्वी दिली तर त्यांचा उपयोग जास्त.

मधमाशी चावून किंवा लस टोचल्यावर तोंड सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर खेळ मुख्यतः हिस्टामिनचाच असतो आणि ही औषधे चांगली लागू पडतात. पण त्याच कुत्र्याला उलटी-जुलाब सुरू झाले, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तो कोसळला, तर ते ॲनाफिलॅक्सिस समजावे. कुत्र्यात या धक्क्याचा मुख्य मारा यकृतावर आणि पचनमार्गावर होतो, म्हणून श्वास लागण्याआधीच उलटी दिसू शकते. इथे पहिले औषध ॲड्रेनालिन. अँटिहिस्टामिन नंतर, जोडीला. गोळीचा गुण येण्याची वाट पाहण्यात गेलेली मिनिटे कुत्र्याच्या जिवावर बेततात, आणि परीक्षेतही नेमका हाच क्रम विद्यार्थी उलटा लिहितात.

आता सर्वांत मोठा गट : ॲटॉपिक त्वचादाह. धुळीतले माइट, परागकण यांमुळे कुत्रा पंजे चाटतो, काखा आणि कान खाजवतो. यातली खाज मुख्यतः हिस्टामिनवर चालतच नाही. इंटरल्युकिन-३१ हा संदेशवाहक चेतातंतूंना थेट चेतवतो. तो टोचला की कुत्र्याला खाज सुटते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालेले ओक्लासिटिनिब हे औषध याच संदेशाच्या मार्गात आडवे येते. याउलट सेटिरिझिनच्या २००४ मधल्या एका अभ्यासात खाज समाधानकारकपणे आटोक्यात आली ती केवळ १८% कुत्र्यांत. जुन्या पिढीची औषधे मेंदूत शिरून गुंगी आणतात. झोपलेला कुत्रा खाजवत नाही, आणि मालकाला वाटते, गुण आला! अँटिहिस्टामिन द्यायचेच तर भडका उडण्याआधी, रोज, आणि माफक अपेक्षा ठेवून. पण त्याआधी पिसवा आणि खरूज नाही ना, हे तपासलेच पाहिजे.

तिसरा प्रकार गाजर गवताच्या उदाहरणाने समजतो. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण पुढे बंगळुरूच्या मोकळ्या प्लॉटांवरही माजले. माणसात त्याच्यामुळे होणारा त्वचारोग टी-पेशींमुळे, एक-दोन दिवस उशिराने उमटतो. कुत्र्याच्या विरळ केसांच्या पोटावर एखाद्या पदार्थाच्या स्पर्शाने होणारी उशिराची ॲलर्जीही याच जातीची. तिथे एच-१ रोखून हाती फारसे काही लागत नाही.

जिथे ही औषधे मनापासून वापरावीत अशी जागा म्हणजे मास्ट पेशींची गाठ. ही गाठ म्हणजे हिस्टामिनचे कोठारच. नुसती चाचपली तरी ती सुजू शकते, आणि रक्तात गेलेले हिस्टामिन जठरात आम्ल वाढवून व्रण पाडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एच-१ रोधकाबरोबर फॅमोटिडिनसारखा एच-२ रोधक किंवा ओमेप्राझोल देतात. गाठ यामुळे बरी होत नाही, तिचे उपद्रव आवरतात.

मात्रेबद्दल. सेटिरिझिन कुत्र्याला साधारणपणे दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तर ७० किलोच्या माणसाला एकच! हा फरक पाहून चकित होऊ नये, पण मालकाने स्वतःच्या अंदाजाने मात्रा ठरवू नये. त्याहून मोठा धोका पट्टीवरच्या बारीक अक्षरांत असतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत सेटिरिझिनसोबत पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन असते. पॅरासिटामॉल जास्त झाले तर कुत्र्याचे यकृत आणि तांबड्या पेशी बिघडतात. काही साखरविरहित पातळ औषधांत झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. म्हणून मालकाला "कोणती गोळी दिली?" एवढेच विचारून भागत नाही. पट्टी घेऊन यायला सांगावे. शिवाय त्वचेत टोचून ॲलर्जीची चाचणी करायची असेल, तर अँटिहिस्टामिन किमान सात दिवस आधी बंद केलेले असावे लागते, नाहीतर गांधी उठत नाहीत आणि चाचणी खोटीच नकारात्मक येते.