दम आणि घड्याळ

वरवट बकालच्या शिवारातली भुई काळी, आणि कबड्डीला काळी भुई सोसत नाही. पावसात ती पायाला चिकटते, वाळली की तिची ढेकळं होतात आणि चैत्र-वैशाखात बोट जाईल अशा भेगा पडतात. कापसाला हीच भुई सोनं. पण चढाई करणाऱ्या पोराचा घोटा भेगेत अडकला तर त्याचा हंगाम गेलाच. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, किंबहुना पूर्णेच्या खोऱ्यात कुठेही, नीट सामने भरवायचे तर आधी माती आणावी लागते. ती चाळायची, खडे वेचायचे, पाणी मारून चोपायची आणि मग फक्कीनं रेषा आखायच्या. मैदान तयार होईस्तोवर निम्मा संघ घामाघूम झालेला असतो.

तीच पोरं रात्री टीव्हीपुढे बसतात तेव्हा समोर वेगळाच खेळ असतो. चकचकीत मॅट, पायांत बूट, अंगावर प्रायोजकांची नावं, डोक्यावर प्रकाशझोत आणि कोपऱ्यात तीस सेकंदांचं उलटं पळणारं घड्याळ. नाव तेच, मध्यरेषा तीच, सात गडी तेच. पण मातीतली कबड्डी आणि ही कबड्डी यांच्यात शंभर वर्षं उभी आहेत, आणि त्यातला बराचसा इतिहास मराठी मुलखात घडलेला आहे.

मुळात हा एक खेळ नव्हताच. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडु, बंगालात हाडुडु. महाराष्ट्रातही कुठे संजीवनी, कुठे गामिनी, कुठे अमर. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी पुन्हा उभा राही. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये तर कुणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. कुठे नऊ गडी, कुठे सात. मैदान जागा मिळेल तेवढं. दोन गावांचे संघ समोरासमोर आले की पहिला अर्धा तास नियमांवर भांडण्यात जाई. हे भांडण मिटवायचं काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात पुणे, सातारा, बडोदा इथल्या व्यायामप्रेमी मंडळींनी हाती घेतलं. १९२३ साली बडोद्याला छापील नियमांनुसार स्पर्धा झाली. त्या नियमांत पुढे अनेक बदल झाले, पण संजीवनी टिकली, आणि आज जगभर खेळली जाते ती तिचीच पोर.

विदर्भाचा वाटा अमरावतीचा. १९१४ साली वैद्य बंधूंनी तिथे उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. त्यांत कबड्डीही होती. पदकांच्या यादीत तिला जागा नव्हती. पण वऱ्हाडातल्या पोरांनी युरोपच्या हिरवळीवर दम घुमवला, हे त्या काळात काही थोडं नव्हे.

पुढचा प्रवास संघटनांचा, आणि तो झपाट्यानं सांगण्याजोगा आहे. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५२ ला मद्रासमध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ ला कलकत्त्यात स्त्रियांची. १९७२ मध्ये आजचा हौशी कबड्डी महासंघ आला. १९८२ च्या दिल्ली आशियाईत प्रात्यक्षिक आणि १९९० च्या बीजिंग आशियाईत पदकाचा खेळ. या सगळ्या वाटचालीत शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. महाराष्ट्र त्यांना कबड्डी महर्षी म्हणतो आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळतो.

महासंघाच्या नावातला ‘हौशी’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. प्रो कबड्डीच्या कितीतरी आधी कबड्डी एकदा व्यावसायिक झाली होती, फक्त पगाराच्या वाटेनं. मुंबईत गिरण्या, रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका, पोलीस आणि महिंद्रासारखे कारखाने संघ बाळगत. लालबाग-परळच्या गल्लीत चांगली पकड करणाऱ्या पोराकडे कुणी ना कुणी अधिकारी येई आणि विचारी, कामाला लागतोस का? त्या एका प्रश्नावर घरं उभी राहिली. खेळाडू दुपारी मैदानावर, सकाळी खात्यात. गुडघा गेला तरी नोकरी जात नसे, आणि साठीला निवृत्तिवेतन. सदानंद शेटे १९७२ मध्ये कबड्डीचे पहिले अर्जुन पुरस्कारविजेते ठरले, १९७८ मध्ये शकुंतला खटावकर यांना तो मान मिळाला. त्या पिढीच्या खेळाडूला बक्षीस म्हणून ढाल मिळे. पोट नोकरीवर चाले.

कॅनडात बर्फावरच्या हॉकीचंही फारसं वेगळं नव्हतं. तिथली नॅशनल हॉकी लीग १९१७ ला माँट्रियलमध्ये स्थापन झाली, म्हणजे आपल्याकडे हुतूतूच्या नियमांवर खल चालला होता त्याच सुमारास. बर्फावरची हॉकीही सुरुवातीला सात गड्यांची होती, मग सहांवर आली. लीग धंद्याची, मालक श्रीमंत, तरी १९५० च्या दशकातले तिचे बरेच खेळाडू उन्हाळ्यात दुसरं काम करून घर चालवत. गोलरक्षक जॅक प्लँट यानं १ नोव्हेंबर १९५९ ला, तोंडावर चकती बसून रक्तबंबाळ झाल्यावर, मुखवटा चढवूनच परत यायचा हट्ट धरला. तोवर गोलरक्षक उघड्या तोंडानं उभे राहत, आणि त्यातच मर्दुमकी मानली जाई. आपल्याकडे अनवाणी पायांबद्दल जे बोललं जायचं, त्याच जातीचं हे बोलणं. १९४२ पासून सहा संघांवर थांबलेली ही लीग १९६७ मध्ये एकदम बारावर गेली. आज बत्तीस आहेत. कबड्डीनं हाच पल्ला कितीतरी कमी वर्षांत कापायचा प्रयत्न केला, आणि तिच्या बऱ्याचशा अडचणी त्या घाईतून आल्या आहेत.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांची कल्पना, स्टारचं प्रक्षेपण, आठ संघ. ज्या उद्योगसमूहाच्या कारखान्यानं पगारी कबड्डीपटू पोसले, त्याच्याच प्रमुखानं लिलावाची कबड्डी आणावी, हा योगायोग गमतीचा आहे. पहिल्या हंगामाचे प्रेक्षक ४३.५ कोटी असल्याचं जाहीर झालं, तेव्हा क्रिकेटच्या कार्यालयांतही भुवया उंचावल्या असतील. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची बोली होती १२.८० लाख. २०१८ ला मोनू गोयत १.५१ कोटींवर गेला. २०२३ ला पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सनं २.६०५ कोटी मोजले. नऊ वर्षांत वीसपट! तेवढ्या काळात सोयाबीनचा भाव किती वाढला, हे बुलढाण्याच्या घाटाखालच्या कुणाही शेतकऱ्याला विचारावं.

पैसा दिसतो, म्हणून त्याचीच चर्चा होते. खेळाला खरा धक्का दिला तो घड्याळानं.

मातीवरच्या कबड्डीत चढाईचं माप म्हणजे माणसाची छाती. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत जितका वेळ राहता येईल तितका वेळ राहायचं. दम तुटला की बाद. पंचाचा कान हेच सर्वांत महत्त्वाचं उपकरण. दम चोरणारे वस्ताद असत आणि चोरी पकडणारे पंचही तितकेच वस्ताद. तीस सेकंदांची मर्यादा आल्यावर दम नियमात राहिला, खेळातून मात्र जवळपास उठला. तीस सेकंद पुटपुटणं कुणालाही जमतं, आणि टीव्हीवर संगीताच्या गजरात ते ऐकूही येत नाही. ज्या गुणावरून खेळाची ओळख होती तोच शोभेचा झाला, याबद्दल जुनी मंडळी हळहळतात. त्यांची हळहळ खोटी नाही. मात्र जुन्या सामन्यांत आघाडी घेतलेला संघ मध्यरेषेजवळ येरझाऱ्या घालून वेळ काढायचा, तेव्हा प्रेक्षक भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचे, हेही त्यांनी सांगायला हवं.

त्या येरझाऱ्यांवरचं औषध म्हणजे तिसऱ्या चढाईचा नियम. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. शिवाय मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघानं पकड केली तर तिला अव्वल पकड म्हणून एक जादा गुण. हरत आलेल्या संघाला यामुळे जीव आला. पूर्वी सगळा संघ बाद होऊन लोण चढायला लागला की मान खाली जाई; आता तीन गड्यांचा संघ मुद्दाम जाळं टाकून बसतो. बर्फावरच्या हॉकीत असाच पालट १९२९ मध्ये झाला होता. चकती पुढच्या गड्याकडे सरकवायला सगळीकडे मुभा दिली आणि एका हंगामात गोल जवळपास दुप्पट झाले.

मॅटनं शरीर बदललं. मातीत पाय थोडा घसरतो, तो घसरणं हाच डाव असतो. कोपऱ्यातला गडी लोळण घेऊन घोटा धरतो आणि माती त्याला झेलते. मॅटवर बूट चिकटतो. वळण झटक्यात घेता येतं, हनुमान उडी लांब जाते, पण तोच झटका गुडघ्याच्या सांध्याला बसतो. बोनस रेषेवर पाय टेकवून परतणं हे स्वतंत्र कसब झालं. मातीवर वाढलेला मुलगा मॅटवर पहिल्यांदा उतरला की आधी पडतो, मग शिकतो. हरियाणाच्या पोरांना मॅट लवकर मिळाली; तिथे पोलीस आणि सैन्यदलाची भरतीही याच खेळावर डोळा ठेवून होती. परिणाम असा, की प्रो कबड्डीतली मुंबईची यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोचली, २०१५ ला जिंकलीही, आणि मुंबईकर गळा काढून ज्याचं नाव घेत होते तो कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा होता.

महाराष्ट्र मागे पडला, असं तेव्हा सगळेच म्हणू लागले. ते अर्धंच खरं. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद परत आणलं. सिद्धार्थ देसाई हा चंदगड तालुक्याचा गडी २०१९ ला १.४५ कोटींवर गेला. मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डीत पुणेरी पलटणनं हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. पलटणनं कोवळ्या पोरांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती. लिलावात तयार माल उचलण्यापेक्षा ही वाट लांबची, पण महाराष्ट्राच्या स्वभावाला मानवणारी.

बाहेरच्या जगानंही या काळात कबड्डी शिकून घेतली. २०१८ च्या जकार्ता आशियाईत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले; स्त्रिया अंतिम सामन्यात २७-२४ नं, इराणकडूनच. त्या इराणी मुलींची प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. हा पराभव भारताचा म्हणायचा की विजय नाशिकचा, यावर त्या आठवड्यात बऱ्याच कट्ट्यांवर वाद झाले असतील.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र व्यावसायिक कबड्डीचा हिशोब चुकलेला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०१२ च्या पाटण्यातल्या विश्वचषकात भारत जिंकला, त्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. राज्य सरकारनं प्रत्येकीला एक कोटी दिले. मग २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामाला जोडून तीन संघांचं विमेन्स कबड्डी चॅलेंज झालं. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामना शेवटच्या चढाईपर्यंत रंगला आणि स्टॉर्म क्वीन्स एका गुणानं जिंकल्या. एवढा चुरशीचा सामना दाखवूनही पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरली नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीतल्या स्त्रियांनीही अशा अर्धवट लीग अनेक पाहिल्या. अखेर जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांची, नीट पगार देणारी लीग सुरू झाली. आपल्याकडच्या मुली अजून रेल्वेच्या भरतीची जाहिरात बघतात, आणि त्यांचं चुकतही नाही. लिलाव चार हंगामांचा. रेल्वेचा पास जन्माचा.

वरवट बकालच्या मुला-मुलींसाठी या सगळ्या नकाशात आणखी एक वळण आहे. कबड्डी महासंघाच्या दप्तरात विदर्भ हे वेगळं राज्य आहे. इथला खेळाडू वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तर तो विदर्भाकडून, महाराष्ट्राकडून नव्हे. तिकडे महाराष्ट्राची निवड सांगली, पुणे, मुंबई, ठाणे यांच्या रेट्यात होते. इकडे गर्दी कमी, पण मॅट, सराव शिबिरं आणि निवड करणाऱ्यांची नजर हेही कमीच. गावोगावी वजनगटाचे सामने होतात. कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ पहिलं बक्षीस, फलकावर पुढाऱ्याचा फोटो खेळाडूंपेक्षा मोठा, आणि रात्री दिव्यांच्या उजेडात जमलेली अशी गर्दी की रेषेवरचे पंच प्रेक्षकांना मागे सारूनच दमतात.

शाळेचा संघ असेल तर वाट ठरलेली आहे. संग्रामपूरला तालुका, मग घाट चढून बुलढाण्याला जिल्हा, आणि तिथे जिंकलात तर विभागाला अमरावती, म्हणजे १९३६ चं पथक ज्या गावातून बर्लिनला निघालं तेच गाव. वरवट बकालहून निघताना मुलं पिशवीत दोन गोष्टी टाकतात: मातीसाठी गुडघ्याला बांधायची पट्टी, आणि समोर मॅट निघाली तर असावेत म्हणून कुणाकडून तरी मागून आणलेले बूट.