वाट सांगणारें यंत्र व त्याच्या आवृत्त्या

परगांवीं निघतांना खिशांतील मोबाइलला वाट विचारावी, ही चाल आतां घरोघर पडली आहे. उत्तर इतक्या त्वरेनें येतें कीं, त्यामागें कांहीं गणित असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. हें गणित करणारे पुष्कळ प्रोग्रॅम खासगी कंपन्यांच्या कुलपांत आहेत. परंतु कांहीं असेहि आहेत कीं, त्यांची ओळन् ओळ कोणासहि वाचतां येते, सुधारतां येते, आणि प्रत्येक आवृत्तींत काय बदललें याचें टिपणहि जगापुढें ठेविलें जातें. त्यांपैकीं ‘ओपन सोर्स राउटिंग मशीन’, संक्षेपानें ओएसआरएम, या एकाचा वृत्तान्त येथें सांगावयाचा आहे. ‘जें अधिक वेगवान तें अधिक चांगलें’ ही आपली समजूत त्यांत एके ठिकाणीं चक्क उलटी पडते.

मूळ रीत हॉलंडांतील एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. १९५६ सालीं ॲम्स्टरडॅम येथें आपल्या वाग्दत्त वधूसह एका उपाहारगृहांत कॉफी पीत बसले असतां, कागद-पेन्सिलीवांचून, अवघ्या वीस मिनिटांत त्यांनीं ती मनांत जुळविली. छापून आली ती १९५९ सालीं. निघण्याच्या स्थळापासून सर्वांत जवळचें ठिकाण आधीं पक्कें करावें, मग त्याच्या पुढचें, मग त्याच्याहि पुढचें. तळ्यांत खडा टाकला असतां लाटा पसराव्या तसा हा शोध चोहोंकडे पसरतो आणि केव्हां तरी इष्ट स्थळास स्पर्श करतो. उत्तर अचूक, यांत वाद नाहीं. डाइक्स्ट्रांच्या नकाशांत ६४ शहरें होतीं, तोंवर ठीक होतें. परंतु पश्चिम युरोपच्या रस्त्यांचा जो नकाशा संशोधक कसोटीस घेतात, त्यांत सुमारें १ कोटी ८० लाख चौक आहेत. एका प्रश्नासाठीं सरासरीनें ९० लाखांहून अधिक चौक तपासावे लागतात, आणि संगणकासहि दोन-एक सेकंद लागतात. दोन सेकंद म्हणजे काय मोठेंसें, असें वाचक म्हणतील. पण एकाच यंत्रापुढें हजारों लोक एकदम वाट विचारीत उभे असतात!

२००८ सालीं जर्मनींतील कार्ल्सरूह येथील गाइसबर्गर, सँडर्स, शुल्टेस व डेलिंग या चौघांनीं यावर तोड काढली. जुन्या शाळांतून पावकी-निमकी पाठ करून घेत, म्हणजे हिशेबाच्या वेळीं अडावें लागत नसे. त्यांतलाच हा प्रकार. प्रत्येक चौकास महत्त्वाप्रमाणें पायरी द्यावयाची. गल्लीबोळांतील क्षुद्र चौक आधीं एकेक करून वगळावयाचे, आणि ज्या दोन शेजाऱ्यांमधली जवळची वाट वगळलेल्या चौकावरूनच जात होती, त्यांना एका कल्पित जोडरस्त्यानें सांधावयाचें. पुढें प्रश्न आला कीं, दोन्ही टोकांकडून केवळ वरच्या पायऱ्यांकडे चढत जावयाचें. दोन्ही शोध माथ्यावर कोठें तरी भेटतात. ९० लाखांच्या जागीं तीनशेंच्या आंतबाहेर चौक पाहिले कीं काम झालें. वेळ सेकंदाच्या सहस्रांशाहूनहि कमी, आणि उत्तर पूर्वीइतकेंच अचूक. हीच रीत घेऊन डेनिस लुक्सन यांनीं कार्ल्सरूह येथें ओएसआरएमचा पाया घातला, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीं मिळून काढलेल्या नकाशावर तें चालविलें. त्यावरील निबंध २०११ सालचा आहे.

या यंत्रांतील एक खुबी मला फार आवडते. चौकाला बिंदु मानलें तर मोटार तेथें कोणत्या रस्त्यानें आली हें यंत्र विसरतें, आणि ‘उजवीकडे वळण्यास मनाई’ ही पाटी निरर्थक होते. म्हणून येथें रस्त्याचा तुकडा हाच बिंदु, व एका तुकड्यावरून दुसऱ्यावर वळणें ही रेघ. पसारा वाढतो, पण उत्तर व्यवहाराला धरून येतें.

२०१६ सालीं पांचवी मोठी आवृत्ति निघाली. तींत यंत्रास प्रश्न विचारण्याची भाषाच नव्यानें आखली गेली. जुन्या भाषेंत विचारणाऱ्यांस आपापले प्रोग्रॅम बदलणें प्राप्त झालें. कुरकुर न होतां असा बदल कोठेंच होत नाहीं.

खरी अडचण निराळीच होती. पाढे पाठ झाले, पण नाणेंच बदललें तर? १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें आलें, आणि आमच्या वडील पिढीनें घोकलेलीं आणे-पैचीं कोष्टकें निरुपयोगी झालीं. ओएसआरएमचे कल्पित जोडरस्ते असेच मूळ रस्त्यांच्या वेगावर उभारलेले असतात. घाटांत दरड कोसळली, शहरांत गर्दी तुंबली, कीं ते खोटे पडतात, व सारी सिद्धता पुनः करावी लागते. मोठ्या प्रदेशास तासच्या तास.

२०१७ सालच्या आवृत्त्यांत यावर दुसरी रीत आली. मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनीं २०११ मध्यें मांडलेल्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. नकाशाचे खंड, खंडांचे उपखंड पाडावयाचे. ही वांटणी रस्ते कसे जोडलेले आहेत एवढ्यावरच अवलंबून, वेगावर नव्हे. म्हणून ती एकदांच करून ठेवावी. मग प्रत्येक खंडाच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत किती वेळ लागतो, तेवढें कोष्टक भरावयाचें. वेग बदलले कीं केवळ हीं कोष्टकें पुनः भरलीं म्हणजे झालें. तें काम फार लवकर उरकतें. वाट शोधतांना आपल्या व इष्ट स्थळाच्या खंडांत बारकाईनें पहावयाचें, मधले खंड वेशीवरून वेशीवर ओलांडावयाचे.

याची किंमत मात्र द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या रीतीच्या प्रसिद्ध चाचण्यांत तीनशेंच्या ठिकाणीं अडीच-तीन हजार चौक पहावे लागले, व वेळ दसपटीहून अधिक लागला. म्हणजे नवी रीत उत्तर देण्यास जुनीहून मंद! तरीहि मला ही सुधारणा आधींच्या वेगवृद्धीपेक्षां मोलाची वाटते. २०१० च्या जानेवारींत हैती देशांत भूकंप झाला, तेव्हां स्वयंसेवकांनीं थोड्या दिवसांत राजधानीचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर उभा केला. पडझडीनें अडलेले रस्तेहि त्यांत नोंदले. अशा वेळीं कालची वाट क्षणार्धांत सांगणाऱ्या यंत्राचा रुग्णवाहिकेस काय उपयोग?

जुनी रीत टाकून दिलेली नाहीं. शेंकडों ठिकाणांमधील परस्पर अंतरांचें मोठें कोष्टक एकदम हवें असेल तेथें तीच सरस. म्हणून दोन्ही रीती एकाच प्रोग्रॅमांत नांदतात, व निवड वापरणाऱ्याकडे आहे. दुसऱ्या रीतीसाठीं वेगांचें एक साधें टिपण लागतें: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, ताशीं इतका वेग. पावसाळ्यांत भोर-महाड मार्गावरील वरंध घाट बंद झाला, तर त्याच्या तुकड्यांपुढें शून्य लिहावें. कोष्टकें पुनः भरलीं कीं यंत्र त्या वाटेनें कोणासहि धाडीत नाहीं.