मांसपेशींच्या बायॉप्सीचा अहवाल वाचताना

जिना चढताना, उकिडवे बसून उठताना, केस विंचरताना शक्ती पुरत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाचे निदान आपण बहुधा मांसगत वात असे करतो. अशा काही रुग्णांत मायोसायटिस, म्हणजे मांसपेशींचा शोथजन्य विकार, आढळतो. त्यांच्या हातातील बायॉप्सीचा अहवाल वैद्यांनाही उमजला पाहिजे.

प्रथम, नमुना कोठून व केव्हा घेतला हे पाहावे. मांसपेशी मध्यम दुर्बल असावी. अतिक्षीण मांसपेशीत बव्हंशी मेद व तंतुमय धातूच मिळतो. ई.एम.जी.ची सुई टोचलेली जागा वर्ज्य, कारण सुईनेही तेथे शोथ उत्पन्न होतो. मूळ शोथ सर्वत्र सारखा नसतो, तसेच स्टिरॉइडने तो ओसरतो. म्हणून ‘शोथ नाही’ एवढ्यावरून विकार नाही, असे ठरत नाही.

त्यानंतर शोथाचे स्थान व तंतूंची अवस्था पाहावी. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये शोथ मुख्यतः सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती असतो आणि तंतूंच्या जुडग्याच्या कडेचे तंतू कृश होतात. पॉलिमायोसायटिसमध्ये सीडी ८ लिम्फोसाइट सुस्थितीतील तंतूंत शिरतात. नेक्रोटायझिंग प्रकारात मृत तंतू पुष्कळ, लिम्फोसाइट मात्र अत्यल्प. इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये शोथासोबत तंतूंत किनार असलेल्या पोकळ्या दिसतात. काही आनुवंशिक मांसविकारांतही शोथ आढळतो, हे विसरू नये.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. साठी ओलांडलेल्या एका रुग्णाच्या अहवालात पॉलिमायोसायटिस लिहिले होते. वर्षभर स्टिरॉइड घेऊनही शक्ती वाढली नाही; उलट मधुमेह जडला. बोटांची पकड सुटत होती, मांड्या पुढून वाळल्या होत्या. ही लक्षणे अहवालाशी जुळेनात, म्हणून त्याच काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठविल्या. किनारीच्या पोकळ्या तेथे होत्याच! इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसला स्टिरॉइडचा सहसा उपयोग होत नाही. त्यांच्या चिकित्सकांनी ते क्रमाने कमी केले. रोग गेला नाही. निष्फळ औषधाचा भार मात्र उतरला.

तात्पर्य, अहवाल हा दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांना पूरक आहे, पर्याय नव्हे. तो लक्षणांशी विसंगत वाटल्यास काचपट्ट्यांचे पुनर्वाचन सुचवावे. स्टिरॉइड मात्र आपल्या सल्ल्याने अकस्मात बंद होऊ देऊ नये. त्यात रुग्णाच्या जिवाला धोका असतो.