राष्ट्रीय सुट्टी आणि घरची जिलेबी

राष्ट्रीय स्मरणाचा दिवस घरच्या माणसांत स्वस्थपणें घालविणें हें कर्तव्यास चुकणें होय काय, असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत अनेकदां निघतो. कोल्हापुरानें त्याचें उत्तर आपल्या रीतीनें दिलें आहे. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी या दिवशीं झेंडावंदन आटोपलें कीं शहराचीं पावलें हलवायाकडे वळतात. चौकाचौकांत मांडव घालून कढया चढविलेल्या असतात, आणि जिलेबीचा पुडा घेतल्यावांचून घरीं परतणें करवीरकरांस कसेंसेंच वाटतें. एरव्हीं तिखटाच्या नांवानें ओळखलें जाणारें हें गांव वर्षांतून दोन दिवस गोडाचें होतें.

जिलेबी ही आयत्या वेळीं होणारी वस्तु नव्हे. मैद्याचें पीठ भिजवून आंबूं द्यावें लागतें. आंबतांना त्यांत वायूचे बुडबुडे धरतात, म्हणून तुपांत पडतांच वेढा फुगून आंतून पोकळ होतो आणि त्या पोकळींत पाक शिरतो; जिलेबीची किंचित् आंबट चवही त्या आंबण्याचीच. सकाळीं गरम जिलेबी हवी तर कारागिरानें आदल्या दिवशींच पीठ भिजविलें पाहिजे. एका घरच्या विश्रांतीसाठीं दुसऱ्या घरचा कर्ता पुरुष भट्टीशीं रात्र काढतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांची भरपगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क ठरविला. परंतु तो कायदा आरंभीं दहा वा अधिक, आणि 2025 च्या दुरुस्तीनंतर वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता आहे. चार माणसांची भट्टी त्याच्या बाहेरच राहते. पुडा बांधून घेतांना घासाघीस करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं.

सुट्टी आणि स्मरण हीं नेहमीं एकत्र येतातच असेंही नाहीं. 30 जानेवारीस, महात्मा गांधींच्या पुण्यदिनीं, सकाळीं 11 वाजतां दोन मिनिटें मौन पाळतात. कचेऱ्या मात्र चालूच असतात. 6 मे 2022 रोजीं राजर्षि शाहू छत्रपतींच्या निधनास शंभर वर्षें झालीं, तेव्हां सकाळीं 10 वाजतां कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागीं स्तब्ध उभें राहिलें. अशा स्मरणास रस्ताच हवा. तें घरांत बसून साधत नाहीं.

घराचें सामर्थ्य निराळें आहे. शाळेंतील भाषणांत 15 ऑगस्ट 1947 ही तारीख ऐकून आलेल्या नातवास, त्या दिवशीं कोल्हापूर हें संस्थान होतें व मुंबई प्रांतांत तें 1 मार्च 1949 रोजीं विलीन झालें, हें बहुधा आजोबांकडूनच कळतें. गारगोटीची हकीकत तशीच. 13 डिसेंबर 1942 रोजीं तेथील सरकारी कचेरीवर क्रांतिकारकांनीं हल्ला केला. त्यांत सात जणांस वीरमरण आलें. त्यांतील स्वामी आणि वारके हीं नांवें पुढें मुदाळच्या सूतगिरणीस दिलीं गेलीं, म्हणून निदान पाटीवर तरी वाचावयास मिळतात. ही कथा ऐकून मुलें पहिल्यानें विचारतात तें हेंच, कीं मग त्यांच्या घरच्यांचें काय झालें? या प्रश्नास झेंडावंदनाच्या कार्यक्रमांत वेळ नसतो. दुपारीं जेवणें उरकल्यावर, पुड्यांतील उरलेली जिलेबी पुढें असतां, तो भरपूर असतो.